सेवा, स्वयंसेवक आणि समाजकार्य : कुंभकोणमपासून नागपाड्यापर्यंत

आजच्या भागात आपण कुंभकोणमला जाणार आहोत. हे नाव ऐकलं की कुणाला तिथली डिग्री कॉफी आठवते, कुणाला बारा वर्षांनी येणारा महामहम. इतिहासाची आवड असलेल्यांना सर टी. माधवराव आठवतील. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा कारभार पाहिलेला हा मराठी दिवाण १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मला. म्हणजे गाव तमिळ मुलखातलं असलं तरी आपल्याला परकं नाही.

आज मात्र मी तुम्हाला एका वेगळ्या प्रश्नासाठी तिथे नेतोय. मंदिर असो, दर्गा असो की चर्च, धर्मस्थळाभोवती सेवा करणारी माणसं असतातच. मग एमएसडब्ल्यू होऊन, पगार घेऊन समाजकार्य करणारी माणसं वेगळी कशाला हवीत? आणि ती आली तर या सेवाभावी माणसांचं काम काय उरतं? चर्चच्या बाबतीत हा प्रश्न जास्त स्पष्ट दिसतो, कारण समाजकार्य नावाचा हा पेशाच मुळात चर्चच्या अंगणात वाढला. म्हणून आज उदाहरण चर्चचं घेऊ.

दोन दुर्घटना, एकच धडा

१६ जुलै २००४. कुंभकोणममधल्या एका खासगी शाळेत सकाळी स्वयंपाकाच्या शेडला आग लागली आणि ती वर्गांवरच्या गवती छपरापर्यंत पोचली. जिना अरुंद, बाहेर पडायची वाट एकच. ९४ मुलं गेली. सगळी प्राथमिकच्या वयाची. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच दुर्घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, हे त्या निकालाने सांगितलं आणि देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम लागू झाले.

या घटनेला जेमतेम पाच महिने झाले आणि २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्सुनामी आली. कुंभकोणमच्या पूर्वेचा नागपट्टिनम जिल्हा उद्ध्वस्त झाला. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली सहा हजारांच्या आसपास या एका जिल्ह्यातली. वेलांकणीला नाताळासाठी आलेले यात्रेकरूही त्यात होते. वसईहून, मुंबईहून, गोव्याहून वेलांकणीला जाणाऱ्या आपल्या माणसांना ती बातमी कशी लागली असेल, याची कल्पना करा.

आता नीट बघा. दोन्ही वेळा लोक मदतीला धावले. आपल्याकडे माणूस धावतो, त्यात काही वाद नाही. पण नागपट्टिनमच्या रस्त्यांवर काय दिसलं? देशभरातून ट्रक भरभरून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. रस्त्याच्या कडेला पडलेले, चिखलात भिजलेले, कुणी हात न लावलेले. मच्छीमार कुटुंबांनी ते नेले नाहीत. घर गेलं, होडी गेली, माणसं गेली, म्हणून स्वाभिमानही गेला असं थोडंच असतं? कपडे पाठवणाऱ्यांची दानत खोटी नव्हती. त्यांनी एक प्रश्न विचारायचा राहून गेला : तुम्हाला काय हवंय?

हा प्रश्न विचारणं, उत्तर लिहून घेणं, दहा घरांची उत्तरं ताडून पाहणं आणि मग कुणाला काय, कधी, किती ते ठरवणं, याला समाजकार्याच्या भाषेत गरजांचं मूल्यमापन म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण तो नसला की कपड्यांचे ढीग तयार होतात.

पगारी सेवा काही नवी नाही

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. सेवा म्हणजे फुकट. पैसे घेतले की ती नोकरी झाली, सेवा राहिली नाही. हा समज किती जुना आहे ते पाहायला तंजावरच्या भोसल्यांकडे जाऊ. कुंभकोणमपासून तंजावर चाळीसेक किलोमीटरवर.

दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. त्यांना घडवण्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. श्वार्ट्झ १७५० साली तरंगमबाडीला उतरला, तमिळ शिकला, मराठीही शिकला. राजे आयुष्यभर हिंदूच राहिले आणि श्वार्ट्झबद्दलचा आदरही त्यांनी आयुष्यभर जपला. श्वार्ट्झ गेल्यावर राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

याच सरफोजीराजांनी १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. भोसल्यांनी बांधलेल्या छत्रांचा, म्हणजे यात्रेच्या वाटेवरच्या अन्नछत्रांचा आणि धर्मशाळांचा, कारभार मोडू नये अशी विनंती त्यात होती. छत्रात काय काय चालतं तेही त्यांनी सांगितलं. ब्राह्मणापासून तळच्या जातीपर्यंत प्रत्येक वाटसरूला जेवण. आजाऱ्याला औषध. वाटेत अडलेल्या गरोदर बाईची काळजी. पोरक्या मुलांना शिक्षण. आणि या सगळ्यासाठी छत्रात नेमलेले वैद्य आणि शिक्षक.

'नेमलेले' हा शब्द लक्षात ठेवा. जेवण वाढायला कुणीही पुढे होईल. पण विषारी जनावर चावलेल्या माणसाला वाचवायला नुसती भक्ती पुरत नाही, जाणकार लागतो. आणि तो रोज हवा असेल तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी लागते. दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आज आपल्या ट्रस्टच्या बैठकीत मात्र 'समुपदेशकाला पगार कशाला?' असा प्रश्न निघतो.

चर्चच्या अंगणातून कॉलेजच्या वर्गात

आता जरा इंग्लंडकडे वळू. एकोणिसाव्या शतकातलं लंडन. एका गल्लीत दहा धर्मादाय मंडळं. एका घरात तिघांकडून कोळसा येतो, शेजारच्या घरात कुणीच फिरकत नाही. हा गोंधळ आवरायला १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. तिचे स्वयंसेवक घरोघर जायचे, चौकशी करायचे, नोंद ठेवायचे. १८८४ साली सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल सुरू केला. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत येऊन राहायचं, शेजारी व्हायचं, अशी ती कल्पना. ती पाहून जेन ॲडम्स यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस उभं केलं.

पण एक अडचण लवकरच कळली. स्वयंसेवक मायाळू असतो, पण तो मनाने निवाडा करतो. हा गरीब 'लायक', तो 'दारुडा', ही बाई 'चांगल्या चालीची नाही'. एकाने दिलेलं वचन दुसऱ्याला ठाऊक नसतं. लग्न झालं, बदली झाली की तो येणं बंद करतो आणि ते कुटुंब पुन्हा उघडं पडतं. म्हणून मेरी रिचमंड यांनी १८९७ साली या कामासाठी प्रशिक्षणाची शाळा हवी अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. समाजकार्याच्या शिक्षणाची ती सुरुवात.

भारतात हे कुणी आणलं? इथे गोष्ट थेट आपल्या घरात येते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं. 'ज्ञानोदय' काढणारं, रेव्हरंड ना. वा. टिळकांशी नातं असलेलं हेच ते मिशन. १९२५ साली या मिशनकडे क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा शिकागोत शिकलेला तरुण आला. १९२६ साली त्याने नागपाड्यात नेबरहुड हाउस सुरू केलं. त्या वस्तीत मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती सगळे. मॅनशार्टची भूमिका स्पष्ट होती : इथे धर्मांतरासाठी काम करायचं नाही. वाचनालय, खेळ, दवाखाना, व्याख्यानं सगळ्यांना खुली. शेजाऱ्याची सेवा हीच पुरेशी, तिला दुसऱ्या हेतूचं शेपूट नको. मिशनच्या कामाची प्रचाराशी सांगड घालण्याच्या त्या काळात हे म्हणणं सोपं नव्हतं.

नागपाड्यात काम करताना त्यालाही तेच कळलं जे लंडन-न्यूयॉर्कमध्ये कळलं होतं. इच्छा असलेली माणसं खूप, शिकलेली कमी. मग सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. १९४१ नंतर ती धुरा कुणी घेतली? जे. एम. कुमारप्पा यांनी. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे भाऊ. म्हणजे कुंभकोणमच्या शेजारचा माणूस मुंबईत येऊन देशातल्या पहिल्या समाजकार्य शाळेचा प्रमुख झाला.

तिकडे मद्रासमध्येही हाच प्रवास झाला. १९२३ साली बिशपांच्या पत्नी मिसेस वॉलर यांच्या पुढाकाराने गिल्ड ऑफ सर्व्हिस सुरू झाली. स्वयंसेवी स्त्रियांचं मंडळ. पुढे ते मोठं केलं मेरी क्लबवाला यांनी. त्या उटीत जन्मलेल्या पारशी, नंतर मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी लग्न होऊन मेरी क्लबवाला जाधव झाल्या. आयुष्यभर बिनपगारी सेवा केलेल्या या बाईंनी १९५२ साली काय उभारायला घेतलं? मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क. स्वतः स्वयंसेवक असूनही, किंवा असल्यामुळेच, प्रशिक्षित माणूस का लागतो हे त्यांना उमगलं होतं.

मंडळी, या दोन्ही गोष्टींचा क्रम बघा. आधी श्रद्धा, मग स्वयंसेवा, मग शास्त्र. शास्त्राने आधीच्या दोघांना हाकललं नाही. त्या दोघांनीच त्याला बोलावून आणलं.

तिघांचं काम तीन प्रकारचं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुंभकोणम हा १८९९ पासूनचा कॅथलिक धर्मप्रांत आहे. देशातल्या बहुतेक धर्मप्रांतांप्रमाणे तिथेही समाजसेवेसाठी वेगळी संस्था आहे. अशा ठिकाणी चर्च, स्वयंसेवक आणि व्यावसायिक कार्यकर्ता असे तिघे एकाच आवारात वावरतात. कोणी काय करावं?

एक उदाहरण मनाशी धरा. एखाद्या गावात घराला आग लागून मूल दगावलंय. धाकटी बहीण वाचली, पण भाजली आहे.

चर्चकडे काय आहे? विश्वास. फादर त्या घरात विचारल्याशिवाय जाऊ शकतात. सभागृह आहे, घंटा आहे, रविवारी जमणारी माणसं आहेत. आणि मुख्य म्हणजे चर्च उद्या तिथेच असणार आहे. प्रकल्प तीन वर्षांत संपतो, ऑफिसला कुलूप लागतं. धर्मग्राम शंभर वर्षं जागेवर असतो. वर्षश्राद्धाला, दहा वर्षांनीसुद्धा, त्या आईच्या शेजारी बसायला कुणीतरी असतं.

स्वयंसेवकाकडे काय आहे? वेळ आणि जवळीक. डबा पोचवणं, दवाखान्यात रात्रपाळी करणं, धाकटीला शाळेत सोडणं. ही कामं पगारी माणूस करू शकेल, पण शेजारीण करते तशी नाही. मानसिक प्रथमोपचार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली जी पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दांत आहे : पहा, ऐका, जोडून द्या. हे कुणालाही शिकता येतं. यात उपदेश नाही, 'देवाची इच्छा' नाही, 'रडू नका' नाही. आणि काय झालं ते पुन्हापुन्हा वदवून घेणंही नाही.

व्यावसायिक कार्यकर्त्याकडे काय आहे? पद्धत. भाजलेली मुलगी दोन महिन्यांनी शाळेत जायला का घाबरते, बाप का बोलेनासा झाला, नुकसानभरपाईचे कागद कुठे अडकले, त्या पैशावरून घरात काय चाललंय, आईच्या मनात जीव देण्याचे विचार येतायत का, हे ओळखायला प्रशिक्षण लागतं. ऐकलेलं गुप्त ठेवायला शिस्त लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं हे ठरवायला अनुभव लागतो. आपलं काम तपासणारा वरिष्ठ लागतो. आणि आपली गरज संपली की बाजूला व्हायचं भानही लागतं.

गोची होते ती कामांची अदलाबदल झाली की. स्वयंसेवक समुपदेशन करू लागला की जखम चिघळते. कार्यकर्ता नुसता फॉर्म भरू लागला की माणूस नुसता 'केस' होतो. आणि चर्च देणाऱ्याच्या उंच जागेवर बसलं की समोरचा आभारी होतो, पण मोकळा होत नाही.

यावर आपल्याकडचा उत्तम नमुना जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावांनीच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जवळीक त्या बायकांची, शास्त्र डॉक्टरांचं, आणि दर आठवड्याला एकत्र बसून शिकणं. श्रद्धा दांपत्याच्या मनात होती. औषध घ्यायला येणाऱ्याला तिची परीक्षा द्यावी लागत नव्हती.

तीन ठिकाणी तडजोड नाही

पहिलं, मुलांची सुरक्षा. पोक्सो कायदा २०१२ चा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'मी फक्त स्वयंसेवक आहे' किंवा 'संस्थेची बदनामी होईल' अशी सवलत त्यात नाही. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर शिक्षा जास्त. रविवारच्या वर्गापासून उन्हाळी शिबिरापर्यंत, मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक भिंतीवर लावला पाहिजे. ही हेल्पलाइनसुद्धा १९९६ साली टिसच्याच उपक्रमातून मुंबईत सुरू झाली.

दुसरं, वसतिगृहं आणि बालगृहं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे नोंदणी लागते. संस्था कितीही जुनी असो, कितीही पवित्र असो.

तिसरं, मदत आणि धर्म. १९९४ साली रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी आपत्तीतल्या कामाची आचारसंहिता केली. मदत गरज पाहून द्यायची, ती कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, असं त्यात आहे. हे बाहेरच्यांनी चर्चवर लादलेलं नाही. कारितास इंटरनॅशनॅलिस आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्या संघटना ती संहिता तयार करणाऱ्यांत होत्या. मॅनशार्टने नागपाड्यात जे एकट्याने ठरवलं, ते जगाने अडुसष्ट वर्षांनी कागदावर आणलं.

आपल्या गावी परत येताना

तुमच्या गावातलं धर्मस्थळ कुठलंही असो, सेवामंडळाच्या पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारून बघा. ज्यांच्यासाठी हे करतोय त्यांना विचारलंय का? ऐकलेल्या गोष्टी बाहेर जाणार नाहीत याची जबाबदारी कुणावर? आपल्याला झेपणार नाही ते कुणाकडे पाठवायचं हे ठाऊक आहे का? आणि आपल्यापैकी कुणाबद्दल तक्रार असेल तर त्या माणसाने ती कुठे सांगायची? चारही उत्तरं असतील तर तुमचं मंडळ चांगल्या वाटेवर आहे. नसतील तर एका प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याला बोलवा. त्याला किंवा तिला रीतसर मानधन द्या आणि तो खर्च हिशेबात लपवू नका.

कुंभकोणमच्या त्या ९४ मुलांच्या आठवणीत दर १६ जुलैला मेणबत्त्या लागतात, फुलं वाहिली जातात. ते हवंच. पण त्या सकाळी कुणाच्या मनात दया कमी होती म्हणून मुलं गेली नाहीत. छप्पर गवती होतं, जिना अरुंद होता आणि ते वेळेवर तपासणारं कुणी नव्हतं. दयेला तपासणीची जोड हवी, एवढंच आजचं सांगणं.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावातल्या सेवामंडळाबद्दल विचार करा, जमलं तर एखाद्या बैठकीला जाऊन बसा.